आकडेताई

चोरीची बातमी कानावर आली की पनवेलचे आम्ही वार्ताहर विचारायचो, "कोण सापडलं का?" आकडेताई विचारायच्या, "कुठं झाली? आणि किती वाजता?" चोराबद्दल त्यांना फारसं कुतूहल नसे. "चोर पोलिसांनी शोधायचा, जागा आपण शोधायची," असं त्या इतक्या ठसक्यात म्हणायच्या की आपण आजवर भलतंच काही शोधत होतो की काय, असं ऐकणाऱ्याला वाटावं. मला तरी वाटायचं, आणि त्याचा रागही यायचा.

मी एका छोट्या दैनिकात गुन्ह्यांच्या बातम्या देतो. त्या प्रतिस्पर्धी दैनिकात लागल्या तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते आणि शहरात काही घडलं की लोक मलाच विचारायचे. ताई उरणकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. डोळ्यांवर मोठा गॉगल, हेल्मेट कोपरात अडकवलेलं, आणि हसणं असं की चौकीच्या छपरावरची कबुतरं उडावीत. पोलिसांकडे त्या भागवार आकडे मागायच्या. कामोठ्यात काय, खांदा कॉलनीत काय, विचुंब्यात काय. एक नवा हवालदार दचकून म्हणाला, "बाई, इथं येऊन आकडा विचारता?" त्याला वाटलं, मटका! हा किस्सा त्यांनीच हसत हसत गावभर सांगितला आणि त्या आकडेताई झाल्या. मला इतक्या वर्षांत कोणी साधं टोपणनावसुद्धा ठेवलं नव्हतं.

कामोठ्यात सोनसाखळ्या खेचण्याचे प्रकार वाढले तेव्हा आम्हा दोघांच्या हाती पोलिसांचं एकच पत्रक आलं. मी ते नीटनेटकं छापलं. ताई मात्र स्कूटर काढून एकेका जागी गेल्या, आणि ज्या वेळेला साखळी गेली होती त्याच वेळेला तिथे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं की यातल्या बहुतेक जागी शेजारी मुलांचे क्लास आहेत, क्लास सुटायच्या वेळी आया फोनमध्ये डोकं घालून फुटपाथवर उभ्या असतात, आणि तिथून एक वळण घेतलं की थेट महामार्ग. एवढंच त्यांनी लिहिलं. क्लास सुटताना तिथे पोलीस उभे राहू लागले आणि प्रकार थांबले. आमच्या संपादकांनी दोन्ही अंक माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. घरी आलो तर बायकोने ताईंचा लेख आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला. खाली, 'किती उपयोगी! सर्वांनी वाचा.' माझी बातमी तिने कधी ग्रुपवर टाकल्याचं मला आठवत नाही. मी अंगठा दिला आणि आमटी खारट झाली म्हणून उगीच भांडलो.

नम्रपणा ताईंच्या अंगी नावालाही नव्हता. चहाच्या टपरीवर स्वतःचाच मथळा मोठ्याने वाचून "कसा आहे?" विचारायच्या, आणि कोणी तोंड उघडायच्या आत "झकास आहे!" म्हणायच्या. मी त्यांचे लेख पुन्हा पुन्हा वाचायचो, ते चूक सापडावी म्हणून. एकदा सापडली. कळंबोलीची एक घरफोडी त्यांनी खारघरात धरली होती. मोठ्या आनंदाने मी ती दाखवली. "अगं बाई! बरं झालं, दादा," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दुरुस्ती छापून त्यांनी माझे नावानिशी आभार मानले. माझं नाव पहिल्या पानावर आलं ते असं, त्यांच्या पेपरात.

पण खरा घाव बसला विचुंब्यात. तिथल्या नव्या इमारतींमधून नळ, तांब्याच्या तारा, पाण्याच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या होत्या. रहिवाशांनी बैठक बोलावली, आम्ही दोघंही गेलो. मागे आदिवासींची वाडी होती. तिथली माणसं याच इमारतींवर विटा वाहायला होती आणि येण्याजाण्याला मधली पायवाट वापरायची. "वाट बंद करा, चोऱ्या बंद होतील," अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. ताई उठल्या.

"वाडीच्या अगदी अंगाला कोणाची इमारत?"

एका गृहस्थांनी हात वर केला.

"तुमच्याकडून काय गेलं?"

"आमच्याकडून... नाही, अजून काही नाही गेलं."

"आणि जिथं गेलं, तिथं त्याआधी काय काम चाललं होतं?"

लोक आठवू लागले. लिफ्टचं, एक जण म्हणाला. आमच्याकडेही लिफ्टचंच, दुसरा म्हणाला. मग कुजबुज सुरू झाली, माणसं तीच होती का, म्हणून. अध्यक्ष चिडले. "ताई, तुम्ही गाववाल्या. तुम्ही त्यांचीच बाजू घेणार."

ताईंचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. शहरात कमावलेली भाषाही गळून पडली. "सरकारनं जमीन घेतली तवा आमच्या मिठागरात मीठ तयार पडलं होतं. माजा बाप त्ये भरायला गेला. त्याला चोर म्हनून धरला. कागदावर ती चोरीच हाय. त्या वर्साच्या आकड्यात माजा बापबी हाय."

वाट बंद झाली नाही. पुढे लिफ्टच्या कामावरचे दोघे चोरीच्या मालासकट सापडले. मला मात्र तो आवाजच ऐकू येत राहिला. ताईंच्या हुशारीचा हेवा मी कसाबसा पचवला असता. पण या बाईला लिहायला काहीतरी कारण होतं आणि मला फक्त रकाना भरायचा होता, हे काही केल्या पचेना.

मग मुंबईच्या एका मोठ्या वृत्तपत्राने त्यांना बोलावून घेतलं. निरोपाला मी पेढे नेले. सुटलो एकदाचा, असं मनात येत होतं. "दादा, माझे फोन आता तुमच्याकडे येतील हं," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना तुमचा नंबर दिलाय."

पहिला फोन आला तो कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरून. सोमी नावाच्या बाईच्या शेळ्या कोणीतरी गाडीत घालून नेल्या होत्या. तक्रार द्यायला गेली तर 'चरत गेल्या असतील' म्हणून तिला परत पाठवलं होतं. मी ताईंना फोन लावला. "दादा, त्या वाडीच्या नावावर एकही चोरी नाही," त्या म्हणाल्या. "चोर तिथं जात नाहीत म्हणून नव्हे. कोणी लिहूनच घेत नाही. तुम्ही काही बोलू नका, नुसते तिच्या शेजारी उभे राहा."

मी चौकीत सोमीच्या शेजारी उभा राहिलो. दुपार कलली, पाय दुखायला लागले. एकदा समोरच्या हवालदाराने मला बसायला खुर्ची दिली. सोमीला दिली नव्हती, म्हणून मीही बसलो नाही. अखेर त्याने कागद पुढे ओढला आणि शेळ्यांचे रंग विचारले.

बाहेर आल्यावर सोमीने पदर सारखा केला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. आता ही आभार मानणार म्हणून मी तयारीत उभा होतो.

"तुमी ताईंच्या हाताखाली हाव काय?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "नवीनच लागलोय."