डबा वाजल्यावर उडणारे

तासगावजवळच्या एका द्राक्षबागेतल्या राखणदाराला एकच काम होतं. तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवून पोपट हाकलायचे. मी साताऱ्याच्या डोंगरातल्या मेढ्याहून दुर्बीण आणि जाडजूड पुस्तक घेऊन तिथं गेलो होतो. घाटाकडचा पोपट कुठला आणि इथला कुठला, हे पंखांवरच्या निळसर झाकेवरून ओळखायचं होतं. दोन तास झाले तरी मला सगळे हिरवेच दिसत होते.

तो शेजारी उकिडवा बसून पुस्तकातली चित्रं बघत होता. शेवटी तंबाखू दाढेत धरून म्हणाला, "एवढं कशाला बगायचं?"

आणि न सांगताच त्यानं माझ्या कानाशी डबा बडवला. निम्मे पोपट भर्रकन उडाले. बाकीचे मान वर न करता द्राक्षं फोडत राहिले.

"उडाली ती घाटाकडची. हितली बसून ऐकत्यात. त्यास्नी डबा पाठ हाय."

माझ्या पुस्तकात ही खूण नव्हती.

"मग रोज वाजवता कशाला?"

"मालकाला ऐकू जायाला पायजे न्हवं."

डबा वाजताच दचकून माझ्या हातून पडलेली दुर्बीण त्यानं उचलली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि परत देत विचारलं, "पावणं, तुमी बी घाटाकडचंच जणू?"