आत्याबाईंची वेणी आणि माझी पावडर

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहत होतो. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते आणि माझ्यावर आरोप होता... सासूच्या अंगाला खाज आणल्याचा!

झालं असं, की पुण्याहून येताना मी कपडे धुवायची पावडर आणली होती. कॉलनीत सगळ्या बायका साबणाची वडी वापरायच्या, त्यामुळे माझ्या बादलीतल्या फेसाचा मला कोण अभिमान! आणि नेमकं तेव्हाच आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातावर आणि मानेवर पुरळ उठलं.

लाल चट्टे, सूज, खाजवून खाजवून रक्त यायचं. मलम झालं, हळदीचा लेप झाला, कशाचा गुण नाही. शेवटी ठपका माझ्या पावडरीवर आला.

मी पावडर बंद केली. महिना झाला तरी खाज वाढतच गेली, तर आत्याबाई म्हणाल्या, "तिची गरमी अंगात मुरली हाय." त्या दिवसापासून त्या स्वतःचं लुगडं स्वतः धुवायला लागल्या. नळावर सगळ्या बायकांसमोर, सुजलेल्या हातांनी, माझ्याकडे पाठ करून... मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

घरातले सगळे कपडे मी धुवायचे आणि माझ्या हाताला काही नाही, हे कुणाच्या लक्षात येईना. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं.

एका शुक्रवारी त्यांना हात उचलवेना, म्हणून पहिल्यांदाच मला वेणी घालायला बसवलं. केस वर घेतले आणि मी बघतच राहिले. मानेवरचं पुरळ कमानीसारखं, अगदी अंबाड्याभोवती फुलांची वेणी टेकते तेवढ्याच जागेवर होतं!

समोर ताटलीत वेणीची फुलं होती. बारीक, पांढरी, आमच्या वाफ्यातली...

त्या वाफ्याची कॉलनीत कीर्ती होती. दुष्काळात सगळ्यांच्या बागांच्या काड्या झाल्या, हिरवा होता तो फक्त आमचा. रेशनचे गहू पाखडून कचरा जिथे टाकला जायचा तिथे ही रोपं आपोआप उगवली होती. आत्याबाईंनी त्यांना विटांची कड केली, आंघोळीचं पाणी घातलं. रोज फुलं खुडायची, आधी देवाला आणि मग स्वतःच्या अंबाड्याला.

मी वाफ्याशी गेले, पान हातात न घेता वाकून नीट पाहिलं. गाजराच्या पाल्यासारखं कातरलेलं, खोडावर लव... अगं बाई, हे तर गाजर गवत! पुण्यात आमच्या शाळेच्या मैदानावर ते छातीएवढं वाढायचं आणि ते उपटून शिपाईमामांचे हात असेच सुजले होते. पण विटांच्या कडेत, खुडून खुडून गुटगुटीत झालेलं हे झाड मी सहा महिने फुलझाड समजत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि संन्यासी मी होते!

"देवाला वाह्यलेलं फूल इखारी कसं आसंल?" मी सांगताच आत्याबाई भडकल्या.

मला कुठून सुचलं देव जाणे. म्हटलं, "आत्याबाई, महादेवाला आपण धोतरा वाहतोच की. म्हणून तो भाजीत घालतो का?"

त्यांनी फुलांची ताटली लांब सारली. मग म्हणाल्या, "काड. पन गुन न्हाई आला तर बघ."

रोपं उपटायच्या आदल्या संध्याकाळी त्या कोरड्या दिवसांत दोन बादल्या धुण्याचं पाणी वाफ्यात ओतलं. माती मऊ झाली नाही तर मूळ तुटून आत राहतं आणि पुन्हा फुटतं. सकाळी युरियाच्या पिशवीचं प्लॅस्टिक दोन्ही हातांना बांधलं, वर ह्यांचे जुने पायमोजे. नाकातोंडाला पंचा. कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडलं, "अगं बया, दरोडा घालाया निगाली का काय!"

आधी फुलांचे शेंडे ओल्या फडक्यात गुंडाळून कापले, बी उडू नये म्हणून. मग एकेक रोप मुळासकट उपटून खोल खड्ड्यात पुरलं. पंचा, मोजे वेगळे धुतले, डोक्यावरून आंघोळ केली. पुढे दर आठवड्याला नवीन कोंब शोधून काढत राहिले... आणि आत्याबाईंची मान बघत राहिले.

पहिला आठवडा काहीच नाही. माझा जीव टांगणीला. दुसऱ्या आठवड्यात सूज उतरली. महिनाभरात मान स्वच्छ!

 मग एका सकाळी नळावर सगळ्या बायका असताना आत्याबाई आल्या, आणि काखेतलं हिरवं लुगडं माझ्या बादलीत टाकलं.

"ह्ये बी घे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आन् ती तुजी पावडर लई जपून नगं ठिवू, घाल चांगली मूठभर. म्या उगंच बोल लावला व्हता तिला."

पावडरीला म्हणाल्या, पण बघत माझ्याकडे होत्या. त्या नऊवारीला मी इतका फेस काढला, की नळाखालची अख्खी फरशी पांढरी झाली. दुसऱ्याचे कपडे धुवायला मिळाले म्हणून एवढा आनंद झालेली बाई त्या दिवशी जगात मी एकटीच असेन...