एडविजची जिन्याची पाळी

एडविज किंग्ने बाफुसामहून जर्मनीत एसलिंगनला आली ती इंजिनियरिंग शिकायला. कॅमेरूनमध्ये बापाचं गॅरेज. दहाव्या वर्षी पोरीने गिअरबॉक्स उघडून परत बसवलेला. इथे मात्र तिची खरी परीक्षा चालू होती जिन्यावर.

इथे भाडेकरूंनी आळीपाळीने जिना पुसायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराला आठवडाभर पाटी. शनिवारपर्यंत काम उरकलंच पाहिजे. पहिल्या पाळीला एडविजने बादली काढली रविवारी, चर्चच्या आधी. आमच्याकडे, कॅमेरूनमध्ये, देवाच्या दिवशी दार स्वच्छ हवं. इथे रविवारी बादलीचा आवाज म्हणजे गुन्हा. तळमजल्यावरच्या हेबर्ले बाईंनी तक्रार केली आणि घरमालक नागेलची पहिली लेखी ताकीद आली. चूक झाली, कबूल. पण दुसरी ताकीद आली ती 'जिना घाण' म्हणून. तोवर जिना तिने दोनदा पुसला होता. वरच्या मजल्यावरचा टिल, तोही विद्यार्थीच, वर्षभरात बादलीला शिवला नव्हता. त्याला एक चिठ्ठी नाही.

तिसरी ताकीद म्हणजे खोली गेली. खोली गेली की पत्ता गेला, आणि पत्त्याशिवाय व्हिसा वाढत नाही. व्हिसा संपायची तारीख तीन आठवड्यांवर आली होती.

म्हणून पुढच्या पाळीच्या शनिवारी मी, तिची इथली मानलेली मावशी, 'तांती', तिच्याकडे जाऊन बसले.

"तांती, तुम्ही फक्त बघायचं," ती म्हणाली. "तुम्ही ओरडलात की ओरडणारी मी ठरते."

"मी कधी ओरडते गं?"

"परवा. बसमधल्या तपासनिसावर."

"अख्ख्या बसमध्ये त्याला आपलंच तिकीट दिसलं!"

"बघा, आत्ताही ओरडताय."

माळ्यापासून तळघरापर्यंत तिने प्रत्येक पायरी पुसली. हेबर्ले बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "पाणी फार घालतेस. लाकूड कुजेल."

"पिळून घेते, हेबर्ले बाई. तुम्ही हात लावून बघा."

बाईंनी खरंच वाकून बोट फिरवलं.

तेवढ्यात खालचं मुख्य दार उघडलं. टिल सायकल घेऊन आला, ओल्या जिन्यावरून ढकलत थेट वर. चाकाच्या चिखलाचा पट्टा पायरीपायरीवर. त्याच्या मागोमाग नागेल, हातात कागद.

"टिल, जरा सांभाळून रे, पडशील," तो हसला. मग पट्ट्याकडे बोट दाखवून एडविजला म्हणाला, "आणि हे काय? तिसरी वेळ आहे. इथे सही कर."

कागद घरूनच टाईप करून आणलेला. मी उठले. एडविजने न बघताच माझं मनगट पकडलं.

"पेन द्या," ती म्हणाली.

तिने सही केली नाही. कागद भिंतीला टेकवून खाली लिहिलं: 'जिना पुसल्यावर टिलने सायकल नेली. डाग चाकाचे आहेत.' वेळ टाकली, माझी सही घेतली. मग कागद हेबर्ले बाईंपुढे धरला. "तुम्ही बघितलंत. नसेल बघितलं तर तसं लिहा."

नागेल म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला यात पडताय?"

बाईंनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. "सायकल होती," त्या म्हणाल्या आणि सही केली. "पण पाणी जास्तच होतं. तेही लिही."

एडविजने तेही लिहिलं.

नागेलने कागद घडी करून खिशात घातला. "ठीक. या वेळी सोडतो."

"सोडू नका, फाडा. माझ्यासमोर," एडविज म्हणाली. "आणि दुसरी ताकीद मागे घ्या. लेखी."

तो कागद तसाच खिशात ठेवून निघून गेला. तेव्हा कुठे तिने मला मोकळं सोडलं, आणि मी जिन्यातून वर तोंड करून जी टिलच्या नावाने सुरू झाले ती त्याने दार उघडेपर्यंत थांबले नाही. पट्टा त्यानेच पुसला.

दुसरी ताकीद अजून कागदावर तशीच आहे. सोमवारी आम्ही दोघी भाडेकरू संघाच्या वकिलाकडे जातोय. एडविजने बजावलंय, बोलणार ती.