बॉल माझा, नाव चिन्मयचं

हिराबायचं नाव आधी लिहितो. काय झालं ते मग.

हिंगोलीकडून ठाण्यात आलो तेव्हा खोलीसाठी दारोदार फिरलेलो. आठवीत शाळा सुटलेली, ओळख कुणाची नाही. प्रत्येक दारात पहिला प्रश्न, पूर्ण नाव काय. सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. वागळे इस्टेटच्या मागच्या गावठाणात हिराबायनं वेगळं विचारलं. "पानी वर चढवशील ना रं? माजे गुडघे गेले." चढवतो म्हटलं. तिनं किल्ली दिली. आडनाव तिला खूप नंतर कळलं, कुरियरवाल्यानं दारात ओरडून विचारलं तेव्हा. ती म्हणाली, "वरच्या खोलीत राहतो तो." बस्स. आणि पुन्हा मासे साफ करायला बसली.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं. मग तिचं सांगायचं राहून जातं.

नौपाड्यात सरांच्या हॉलमध्ये आम्ही बसलेलो. सर म्हणजे नौपाड्याच्या टीमचे सर्वेसर्वा, बँकेतून रिटायर झालेले. आमची टीम वर्कशॉपवाल्यांची. वेल्डर, फिटर, पॅकिंगची पोरं. दोन्ही टीमचं वर्षानुवर्षांचं वाकडं. पण त्या वर्षी डोंबिवलीकडच्या एका गावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेत ठाण्याची एकच टीम घेणार होते. म्हणून दोन्हीकडचे चांगले उचलून एक टीम करायची ठरलेली.

सर म्हणाले, "कोण कुठला ते बघायचं नाही. निव्वळ खेळ बघायचा."

मला हे फार आवडलं.

चहा आला. मी आधी कपांकडे बघितलं, सवय आहे. कप सगळ्यांना सारखे होते. म्हणून मी गाफील राहिलो.

"ओपनिंगला आमचा अमेय," सर म्हणाले.

आमचा कॅप्टन सुरेशदादा हसला. "सर, अमेयची दांडी आमच्या पोरानं सारखी उडवलीय." त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"मग त्यालाही घ्या की," अमेयच म्हणाला. "आपल्याच टीममध्ये असला तर मला झोप तरी लागेल."

सगळे हसले. मीसुद्धा. एकेका जागेवर भांडण झालं, कीपरवरून तर चांगलंच पेटलं. बॉलरवर मात्र कुणी वाद घातला नाही. दोन्हीकडून माझंच नाव आलं. गावाकडं आईला फोन करून सांगायचं, कसं सांगायचं, हेसुद्धा मी ठरवून टाकलं.

"नाव काय रे तुझं?" सरांनी विचारलं.

मी पहिलं नाव सांगितलं.

"पूर्ण सांग."

सांगितलं.

सरांनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. "हं. मग तर बरंच आहे."

काय बरं आहे, मला कळेना.

"हे बघ, बॉलरच्या जागी आमच्या चिन्मयचं नाव आधीच कळवून झालंय. फ्लेक्सही छापून आला. तर नाव त्याचं राहू दे, बॉल तू टाक. तुला काय, खेळायला मिळाल्याशी कारण."

चिन्मय म्हणजे सरांचा भाचा. समोरच बसलेला. मान खाली घालून मोबाईल बघत होता. म्हणजे निवड आधीच झालेली. आम्हाला बोलावलं ते नुसतं भांडायला आणि चहा प्यायला. आणि माझं आडनाव ऐकून सरांना जे बरं वाटलं, ते काय होतं? असल्या नावाचा माणूस कुठं तक्रार करणार नाही, हे? की असलं नाव आपल्या फ्लेक्सवर आलं नाही, हे?

मी सुरेशदादाकडे बघितलं. वर्कशॉपमध्ये मला त्यानंच चिकटवलेलं. तो डोळ्यांनी म्हणाला, घे.

मी म्हणालो, "थँक यू, सर."

कुणी जबरदस्ती केली नव्हती. आपणहून म्हणालो. परगावी राहणाऱ्याच्या जिभेला थँक यूची सवय लागते. खोली दिली, थँक यू. काम दिलं, थँक यू. नाव काढून घेतलं, थँक यू. आईला फोन केलाच नाही. काय सांगणार होतो?

हिराबायला एवढंच सांगितलं, सिलेक्शन झालं, डोंबिवलीकडे खेळायचंय. कुठलं गाव, तेही सांगितलं तर ती उठूनच बसली. "तं माजं म्हायार. मी येनार बगाया."

स्पर्धेच्या दिवशी मैदानाच्या गेटवर फ्लेक्स. सगळ्यांचे गॉगल लावलेले फोटो. माझ्या जागी चिन्मय. माझ्या पाठीवर, टी-शर्टवर, चिन्मय. खरा चिन्मय तंबूच्या मागं गाडीत बसलेला.

पहिल्याच ओव्हरला मी मधली दांडी उडवली. लाऊडस्पीकरवर कॉमेंट्रीवाला सुटला. "काय टाकलाय, काय टाकलाय! ठाण्याचा चिन्मय! अरे नाव लक्षात ठेवा मंडळी!"

मंडळींनी ठेवलं. पब्लिक ओरडायला लागलं, चिन्मय, चिन्मय. मी जितकं चांगलं टाकायचो तितका मी पुसला जायचो. वाईट टाकावं तर हात ऐकेना. नौपाड्याची पोरं गाडीच्या काचेवर टकटक करून म्हणत होती, "काय रे चिन्मय, आज फॉर्मात आहेस." मी तिथंच बाऊंड्रीवर उभा होतो. चिन्मय काच खाली करून माझ्याकडे बघून म्हणाला, "सॉरी यार." मी म्हटलं, "चालतंय." हेसुद्धा म्हटलं मी.

ती मॅच जिंकलो. सेमीफायनलच्या आधी हिराबायनं हाक मारली. भावाच्या सुनेबरोबर मंडपात बसलेली.

"यो चिन्मय कोन रं? बॉल तं तू टाकतंस."

"नाव त्याचं दिलंय बाय. खेळतो मी."

"मंग तू कोन?"

तिनं मैदानाकडे बघितलं. मग हातानं दाखवलं. "यो सगला माज्या बापाचा शेत. भावांनी हक्कसोडीवर सही घेतली माजी. बोलले, सहीच तं करायची, तुला काय फरक पडतो. आता मैदानाच्या नावाच्या त्या बोर्डावर बग. बापाचं नाव हाय. भावांची हायेत. मी कुटं हाय?"

भावाची सून शेजारीच होती. तिनं पदर सारखा केला.

तुला काय फरक पडतो. अगदी तेच शब्द नव्हते सरांचे. पण तोच आवाज होता.

आमची टीम मैदानात उतरत होती. मी उतरलो नाही. कॉमेंट्रीच्या टेबलाकडे गेलो. कॉमेंट्रीवाल्याला वाटलं मुलाखत द्यायला आलोय. त्यानं हसून माईक पुढं केला. मी म्हणालो, "मी चिन्मय नाही." आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. बापाचं. आडनावासकट. स्पीकर मोठे होते. शेवटचं अक्षर पलीकडच्या बिल्डिंगवर आपटून परत आलं. माझं नाव एवढ्या मोठ्यानं मी कधीच ऐकलं नव्हतं.

नियम सरळ होता. नाव दिलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळला तर टीम बाद. आम्ही बाद झालो.

सर लांबूनच म्हणाले, "शेवटी लायकी दाखवलीस." ते मला लागलं नाही. सुरेशदादाचं लागलं. "तुझ्या एका नावापायी आपल्याच पोरांची वाट लावलीस. मोठा झालास का रे?" आजही तो कामापुरतं बोलतो. डबा लांब बसून खातो. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकाराच्या बदल्यात नाव देता येत नाही, हे त्याला कसं सांगू, अजून सापडत नाही. कामावरून काढतील ही भीती कित्येक दिवस होती. अजून आहे.

यंदा पुन्हा दोन्ही टीम एक करायचं चाललंय. दुसरा बॉलर मिळाला नसावा. अमेयकडून निरोप आला. "सर म्हणतायत, यावेळी नाव तुझंच. फक्त टी-शर्टवर पहिलंच घालू, आडनाव नको. उगाच विषय कशाला."

मी निरोप पाठवला. पूर्ण नाव, नाहीतर बॉल नाही.

उत्तर आलेलं नाही. नाही आलं तरी मी सकाळी वर्कशॉपच्या भिंतीवर बॉल टाकतोच. निवडतील म्हणून नाही. हात माझा आहे म्हणून.

आणि हिराबाय, तुझं पाणी मी रोज चढवतो, पण त्यानं फिटत नाही. तुझ्या बापाच्या शेतात मी पुन्हा उतरणार आहे, माझ्या नावानं. त्या दिवशी माईक हातात आला की पहिलं नाव माझं घेणार नाही. तुझं घेईन. पूर्ण. बोर्डावरच्या भावांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.