सोलापूर थांबलंय, तुम्ही बोला

दाक्षायणीअक्का रोज सकाळी चहाचा कप घेऊन रेडिओ संचासमोर बसायच्या आणि कप रिकामा होईपर्यंत एक शब्दही बोलायच्या नाहीत. नुसत्या ऐकायच्या. खरखर, कुणाचं तरी खाकरणं, कुठल्या तरी गावच्या हवेची चौकशी. मग माईकचं बटण दाबून आधी विचारायच्या, "इथं कुणी बोलतंय का?" उत्तर आलं नाही तरच स्वतःची ओळख सांगायच्या.

ही सवय नोकरीतली. अक्कलकोटची ही कानडी बोलणारी मुलगी सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली, तेव्हा परगावचे फोन हातानं जोडावे लागत. कानाला हेडफोन, समोर तारांचं जाळं. अक्का म्हणायच्या, "दुसऱ्यांचं बोलणं व्हावं म्हणून आपण गप्प बसायचं, याचाच पगार मिळत होता की." पुढे यंत्रं आली, ऑपरेटरांची गरज संपली, अक्का टेबलावरच्या कामाला गेल्या. निवृत्तीनंतर त्यांनी हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या संचावरून ऐकायचा आणि बोलायचाही, सरकारी परवाना मिळवला. परीक्षा हॉलमध्ये बाकीचे कॉलेजचे विद्यार्थी होते. पर्यवेक्षकांनी त्यांना पालक समजून बाहेर बसायला सांगितलं होतं, हे त्या फार खुशीत सांगायच्या.

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांचा अँटेना उभा राहिला आणि भांडणही. खालच्या मजल्यावरच्या कस्तुराबाईंचं म्हणणं, साड्या वाळत घातल्या की त्या सळ्यांना अडकून फाटतात. सोसायटीचे सेक्रेटरी शिवराज यांना तर हे काय प्रकरण आहे तेच कळत नव्हतं.

"अक्का, मोबाईल आहे की तुमच्याकडं. मग हे झाड कशाला?"

"मोबाईलवर ओळखीच्यांशी बोलता येतंय. यावर अनोळखी माणूस भेटतंय."

"अनोळखी माणसाशी काय बोलायचं असतंय?"

"तेच तर बघायचं असतंय."

सोसायटीच्या बैठकीत अँटेना उतरवायचं जवळजवळ ठरलं. अक्कांचं त्या फ्लॅटमध्ये दुसरं कुणी नव्हतं. अँटेना गेला की सकाळचा तो चहा मुक्यानं घ्यावा लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. अक्कांनी एवढंच मागितलं, की रविवारी संध्याकाळी अंतराळ स्थानक आपल्यावरून जाणार आहे, तेव्हा सगळ्यांनी गच्चीवर यावं. एकदा ऐकावं, मग काय ते ठरवावं.

अनेक देशांनी मिळून बांधलेलं ते स्थानक पृथ्वीभोवती फिरत असतं. त्यावर हौशी रेडिओवाल्यांसाठी एक यंत्र बसवलेलं आहे. खालून आलेला आवाज ते उचलतं आणि कितीतरी देशांवर परत सोडतं. पण एका वेळी एकच आवाज. दोघं एकदम बोलले तर जोरदार आवाज बारक्याला गिळून टाकतो. म्हणून मोठा अँटेनावाला लहान संचवाल्याला वाट देतो. ही रीत कुठल्या पोलिसानं लावलेली नाही, तरी जगभर पाळतात.

रविवारी दिवस मावळल्यावर खुर्च्या घेऊन मंडळी जमली. कस्तुराबाई भाजलेल्या शेंगा घेऊन आल्या होत्या, जणू तमाशालाच. नैर्ऋत्येकडून एक शुभ्र ठिपका वर चढू लागला.

"इमान हाय ते," कस्तुराबाई म्हणाल्या.

"विमानाला लाल दिवा असतोय, बाई. ह्याच्यात माणसं राहतात."

अक्कांनी बटण दाबून ओळख सांगितली, गावाचं नाव सांगितलं. बटण सोडलं, तेव्हा खरखरीत एक अगदी बारीक आवाज विरताना ऐकू आला.

"आलं की कुणीतरी!" शिवराज उठून उभे राहिले. "बोला, अक्का, बोला!"

अक्का बोलल्या नाहीत. मान कलती करून ऐकत राहिल्या. तो बारीक आवाज पुन्हा उमटला आणि कुणाच्या तरी दणदणीत आवाजाखाली गेला. पुन्हा उमटला, पुन्हा गेला. ठिपका एव्हाना डोक्यावर आला होता. अक्कांनी बटण दाबलं आणि इंग्रजीत सावकाश सांगितलं, "सगळ्यांनी जरा थांबा. एक कमजोर स्टेशन बोलू बघतंय. सोलापूर थांबलंय, तुम्ही बोला."

आणि आकाशातला गलका थांबला.

मग एका मुलीचा आवाज आला, धाप लागल्यासारखा. पोखरा, नेपाळ. शाळेच्या गच्चीवरून, हातात धरायच्या छोट्या संचावरून. पहिल्यांदाच बोलतेय, कुणाला ऐकू येतंय का? कोलंबोच्या एका गृहस्थांनी तिला उत्तर दिलं. मग ढाक्याहून कुणीतरी तिचं अभिनंदन केलं. मुलगी हसली, ते हसूही वर जाऊन आमच्या गच्चीवर उतरलं. ईशान्येला ठिपका पृथ्वीच्या सावलीत शिरला, विझला, आणि नुसती खरखर उरली.

"सपलं?" कस्तुराबाईंच्या हातातली शेंग तशीच होती. "आन् तुमी कवा बोलणार?"

"माझं झालं की."

शिवराज वैतागले. "अक्का, आज तुमच्या अँटेनाचा निकाल होता! तुमचा आवाज सगळ्यात मोठा होता ना? मग दाबून बोलायचं!"

"मोठा होता म्हणूनच गप्प बसले." अक्का वायर गुंडाळत होत्या. "चंद्रावर कसं वागायचं त्या आर्टेमिस करारावर आपल्या देशानं सही केली ना? काय आहे त्यात? वर कुणी अडचणीत आलं तर धावून जायचं. मिळालेलं ज्ञान दडवायचं नाही. दुसऱ्याच्या कामात पाय घालायचा नाही. सही सरकारनं केली, पण वागायचं कुणी?"

"कुठं चंद्राचा करार आणि कुठं आपली गच्ची!"

"गच्चीवर जमत नसेल तर चंद्रावर काय जमणार, बाबा?"

शिवराज वायरीचं दुसरं टोक उचलून धरायला लागले. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही थांबा म्हणाला, आणि सगळे थांबले?"

"थांबले की."

"कोलंबोवालाबी?"

"तोही."

"आपल्या मीटिंगमध्ये कुणी थांबत नाही हो, अक्का!"

हशा पिकला. कस्तुराबाईंनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की त्यांची वाळवणाची दोरी जिन्याच्या बाजूला बांधून मिळाली तर त्यांची काही तक्रार नाही. अँटेना उतरवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिवराज चहाच्या टपरीवर, रिक्षावाल्यांना, भाजीवालीला, दिसेल त्याला सांगत सुटले: "सोलापूरनं थांबा म्हटलं, आणि ढाका, कोलंबो, सगळे थांबले." सांगताना त्यांची छाती अशी फुगायची, की माईक त्यांच्याच हातात होता असं वाटावं. अक्कांनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. आमच्या इमारतीचा पत्ता सांगताना लोक 'ती अंतराळवाली बिल्डिंग' म्हणू लागले, तेव्हा मात्र त्या लाजल्या.

त्यानंतर अक्का दोन उन्हाळे जगल्या. दर वादळानंतर शिवराज स्वतः वर जाऊन अँटेनाचे बोल्ट आवळायचे. अक्कांच्या शेवटच्या दिवशीही ते तेच करत होते. संध्याकाळी अक्का खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या, पण दुपारी त्या बऱ्या होत्या. जिन्यात उभ्या राहून त्यांनी वर हाक मारली होती:

"शिवराज, खाली येताना लोणच्याची बरणी घेऊन ये रे, ऊन उतरलं."