बाराशे रुपयांचं जहाज

सासूबाईंना कुठल्याही वस्तूची खरी किंमत सांगायची नाही, हा आमच्या घरातला नियम माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे. साडी बावीसशेची असेल तर सहाशेची सांगायची. मिक्सर चार हजारांचा असेल तर “सेलमध्ये मिळाला, नऊशेला” म्हणायचं. खरा आकडा कळला की त्या ती वस्तू पुसून, कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवतात आणि पुन्हा बाहेर काढत नाहीत. अर्धं आयुष्य त्यांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली. कुठलाही आकडा ऐकला की एवढ्यात किती दिवसांची हजेरी, हे त्या आधी काढतात. त्यामुळे क्रूझचं ठरलं तेव्हा मी नांदेडहून लातूरला फोन लावला आणि सवयीने सांगून टाकलं, “माणशी बाराशे, आई. जेवण धरून.”

चूक तिथंच झाली.

मी एका सरकारी उपविभागात कारकून आहे. आमच्याकडे रस्ते, मोऱ्या आणि शाळाखोल्यांची अंदाजपत्रकं तयार होतात आणि ती तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. पाच वर्षं मी दर महिन्याला पगारातून थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाकत होते. तिचे सव्वा लाख यंदा हातात आले. घरात मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की, हे पैसे मुंबई-गोवा-मुंबई जहाजाचे. सव्वा लाखाच्या वर एक रुपया गेला तर बेत रद्द. मुलाच्या कॉलेजची फी आणि मुलीची क्लासची फी याला हात लागणार नाही. नवरा शिक्षक आहे. त्याला बेत रद्द होण्याची खात्रीच होती, म्हणून त्याने लगेच होकार दिला. गेल्या अकरा सुट्ट्या आम्ही कुणाच्या ना कुणाच्या लग्नात काढल्या होत्या. बारावी मला तशी काढायची नव्हती.

मी तीन एजंटांकडून दरपत्रकं मागवली, बंद पाकिटात. तिसरा एजंट म्हणाला, “मॅडम, हे काय पुलाचं टेंडर आहे का?”

“पुलाला एवढं विचारावं लागत नाही,” मी म्हटलं. “तिथं दरसूची असते.”

तुलनात्मक तक्ता केल्यावर दिसलं, की सगळ्यात स्वस्त वाटणाऱ्याने बंदराचं शुल्क, कर आणि जहाजावरचा सेवा आकार धरलाच नव्हता. ते मिळवल्यावर तो सगळ्यात महाग निघाला. मधल्याला मी नक्की केलं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, अशा पाच जणांसाठी खिडकीच्या दोन खोल्या, एसीची रेल्वे, मुंबईत एक रात्र हॉटेल. सगळं मिळून एक लाख चोवीस हजार पाचशे. कार्यालयात मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

त्याच आठवड्यात उदगीरहून नणंदेचा फोन आला.

“वहिनी, जहाजावर साडी चालती का ड्रेसच घालावा लागतो? वाऱ्यानं पदर उडतो म्हनं.”

“कुठल्या जहाजावर?”

“असं काय करायलीस? आपल्या! आईनं आमचे दोघांचे चोवीसशे भरलेत की. तुला सांगितलं न्हाई?”

सांगितलं नव्हतं. पैसे मात्र भरले होते, म्हणजे निराधार योजनेच्या पगारातून चोवीसशे रुपये काढून, रुमालात बांधून, मी येईन तेव्हा द्यायला ठेवले होते. बाराशेत समुद्र, तोही जेवणासकट, मिळतोय म्हटल्यावर लेकीला आणि जावयाला मागे कशाला ठेवायचं, हा त्यांचा विचार होता. चुकीचा कसा म्हणणार? नणंदोई डाळ मिलमध्ये मुनीम आहेत. त्यांनी नणंदेच्या हातून फोन घेतला.

“जयभीम वहिनी! मालकाकडं रजा टाकली बघा. तेरा वर्षांत पहिल्यांदा मागितली, त्यानं मंजूर बी केली. मिलमधी सगळ्यायला सांगून बसलाव. जेवण धरूनच हाय ना?”

“धरूनच आहे,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

नवऱ्याला सांगितलं तर तो वही तपासता तपासता हसला. “सात जण, तीन खोल्या. पावणेदोन लाखांच्या वर जातंय. बेत रद्द कर.”

“तुमच्या बहिणीला काय सांगू?”

त्याचं हसणं थांबलं. आमच्याकडे बहीण-मेव्हण्याला बोलावून नंतर नका येऊ म्हणता येत नाही. बोलावल्यावर त्यांच्याकडून भाड्याचे पैसेही घेता येत नाहीत. नाही म्हटलं असतं तर पुढची दहा वर्षं प्रत्येक बारशात जहाज निघालं असतं. जायचं तर सातांनी, सव्वा लाखात. नाहीतर कुणीच नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने मी एकटी लातूरला गेले. सासूबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मी पाणी प्यायले आणि सरळ सांगितलं, “आई, बाराशे नाही. माणशी पंचवीस हजारांच्या आसपास आहे. मी खोटं बोलले.”

त्यांनी लसूण खाली ठेवला. मला वाटलं आता हजेरीचा हिशेब सुरू होईल.

“मंग ती निळी साडी?” त्यांनी विचारलं.

“ती पण.”

“कितीची?”

“बावीसशेची.”

“कुकर?”

“कुकर पण.”

“मिक्सर? चष्मा? मागच्या साली दवाखान्यात भरले ते?”

मी एकेक करून खरे आकडे सांगत गेले. चष्मा त्यांनी डोळ्यांवरून काढून, फिरवून बघितला आणि परत घातला. मग म्हणाल्या, “म्हंजी वीस वरसं तुमी नवरा-बायको मला येडं बनवायलाव.”

“तुम्ही वस्तू ट्रंकेत टाकता म्हणून.”

“ट्रंक माझी हाय. टाकीन.” त्यांनी लसणाची सालं बाजूला सारली. मग हात झटकले. “काय काय लिवलंय ते वाच. आन् खरं वाच.”

मी पर्समधून एजंटाकडून करून घेतलेलं सात जणांचं नवं अंदाजपत्रक काढलं. अभियंत्यांसमोर इतकी वर्षं कागद वाचले, पण इतकी कडक छाननी कुणी केलेली आठवत नाही. खड्डे मापताना मुकादम टेपात बोट अडकवून माप कसं कमी भरवतो, हे ज्या बाईने पाहिलंय तिला अंदाजपत्रकातली हवा लगेच कळते.

“खोलीला खिडकी कशाला?”

“समुद्र दिसायला.”

“बाहीर काय दिसतंय मंग? समुद्र समदा बाहीरच हाय की. खोलीत काय करायचंय, निजायचंच ना?”

मी खिडकी खोडली.

“एका खोलीत मानसं किती मावत्यात?”

“चार. वर दोन फळ्या असतात, रेल्वेसारख्या.”

“आन् दोघंच का निजायल्यात?”

एजंटाने नवरा-बायको, नवरा-बायको असं मांडून दिलं होतं आणि मीही कागद तसाच पुढे सरकवला होता. दरपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, की खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला निम्म्याच्या आसपास भाडं पडतं. ते मी वाचलं होतं, पण जोडलं नव्हतं. तीन खोल्या घ्यायच्याच कशाला? बायका चौघी एका खोलीत, पुरुष तिघं दुसऱ्या खोलीत.

“लग्नात कसं निजतो आपुन,” सासूबाई म्हणाल्या, “तसं.”

मी तिथंच ओसरीवर बसून एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, कपल वेगवेगळे? सगळे हसतील.”

“हसू देत. भाडं सांगा.”

बिनखिडकीच्या दोन खोल्या, सात माणसं, सगळे कर धरून एक लाख दोन हजार. मी त्याच्याकडून ते लेखी मागितलं. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी पुढचं कलम काढलं. मुंबईत हॉटेल कशाला? लातूरची गाडी सकाळी मुंबईत पोचते आणि जहाजात दुपारी घेतात. मधे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये आंघोळी होतात. हॉटेल गेलं. एसी डबा कशाला? स्लीपर. इथे मात्र मी जरा अडून राहिले. त्यांचे गुडघे दुखतात, वरच्या बर्थचं काय?

“मला खालचं घे. वर जावयाला चढव. रजा घेतलीय ना त्यानं.”

दुपारी जेवणाच्या आधी अंदाजपत्रक रेल्वे, टॅक्सी आणि सगळी ये-जा धरून एक लाख एकोणीस हजारांवर आलं होतं. किरकोळ आणि अनपेक्षित खर्चाला वर सहा हजार शिल्लक. सासूबाईंनी रुमालातले चोवीसशे माझ्यापुढे ठेवले. मी नको म्हटलं नाही. त्यातून आम्ही सातांच्या वाटेतल्या जेवणाची सोय केली, आणि त्यासाठी कुणालाच कुणाशी खोटं बोलायची गरज पडली नाही.

निघालो तेव्हा नणंदोईंनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, धपाटे आणि लोणचं आणलं होतं. जहाजात बाहेरचं नेऊ देत नाहीत हे मी लेखी कळवलं होतं. “मंग हितंच संपवू,” म्हणत त्यांनी बंदराच्या इमारतीबाहेर, रांगेच्या कडेला, फूटपाथवर रुमाल पसरला. चाकाच्या बॅगा ओढणारी माणसं आमच्याकडे वळून बघत होती. आम्ही जेवलो, हात धुतले आणि आत गेलो.

खोली बघून मुलगी म्हणाली, “मम्मी, ही तर आपल्या बाथरूमएवढी आहे.” तिला मी म्हटलं, बॅग ठेव आणि वर ये. सासूबाई तोवर वर गेल्याही होत्या. दोन दिवस आम्ही खोलीत फक्त झोपलो. सासूबाईंनी पहिल्या सकाळी जहाजाचे सगळे मजले पायी बघितले, लिफ्टने नाही, जिन्याने, गुडघ्यांसकट. प्रत्येक मजल्यावर पोछा मारणाऱ्या पोरीला थांबवून विचारलं की पगार किती, सुट्टी किती, जेवण देतात का. दुपारपर्यंत त्या पोरी त्यांना आजी म्हणायला लागल्या आणि सावलीतली खुर्ची धरून ठेवायला लागल्या. नणंदोई प्रत्येक जेवणाला दार उघडायच्या आधी हजर. नवरा रेलिंगला टेकून, कुणी विचारलं नसताना, अनोळखी लोकांना सांगत होता, “आमच्या मिसेसनी सगळं प्लॅनिंग केलं. सात जण!” मी ऐकलं, पण वळून बघितलं नाही.

शेवटच्या सकाळी खरी धाकधूक होती. जहाजावर जास्तीचं काही घेतलं तर रोख घेत नाहीत. खोलीच्या कार्डावर चढतं आणि बिल उतरताना येतं. काउंटरसमोर मोठी रांग होती. पुढचा एक गृहस्थ बायकोशी भांडत होता, की हे शहाळं आणि फोटो कुणी घेतले. जहाज सुटण्याआधीच मी सातही कार्डं गोळा करून त्यांच्यावरची खरेदी बंद करून घेतली होती. तरीही आमच्यात कुणीतरी काहीतरी घेतलंच असणार, असं मला वाटत होतं.

काउंटरवरच्या तरुणाने दोन्ही खोल्यांचे क्रमांक टाकले, पडद्याकडे बघितलं, परत टाकले.

“मॅम, झीरो,” तो म्हणाला. “सात गेस्ट, दोन केबिन, एक्स्ट्रा काहीच नाही?”

“काहीच नाही. लेखी द्या.”

“मॅम, झीरोचं बिल आम्ही देत नाही.”

“मला हवंय. सही करून.”

मागची रांग कुरकुरायला लागली. मी हलले नाही. त्याने कागद छापला, खाली सही केली आणि दोन्ही हातांनी मला दिला.