दारातला वॉचमन

"ताई चांगलं सांगून राह्यल्यात, पण गेटावरचा वॉचमन हे तक्ते वाचणार हाय का?" मागे बसलेली एक कार्यकर्ती शेजारणीला म्हणाली आणि माझा हात तक्त्यावरच थांबला. मार्करचा उग्र वास आला की भोकरदनची ती पत्र्याची तापलेली खोली अजून आठवते. मी संस्थेत नवीन होते. गावातल्या मुलींना काम मिळवून देणाऱ्या या बायकांचं प्रशिक्षण मी आधी इंग्रजीत लिहून मग मराठीत आणलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांना सहा मुली घेऊन एका बियाणे कंपनीत जायचं होतं. मागच्या खेपेला वॉचमनने सगळ्यांना गेटवरूनच परत पाठवलं होतं. "मग काय करायचं?" मी विचारलं. ती कार्यकर्ती उठली, डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात आडवं बाकडं टाकून बसली. "तुम्ही काम मागायला या. मी वॉचमन." पुढे काय होतं ते बघावंसं वाटलं, म्हणून मी बाहेर गेले. "ए पोरी, कुठं चालली? जागा न्हाई, जाय जल्दी!" सगळ्या हसल्या. मी हातातल्या मार्करचं टोपण लावत-काढत उभी राहिले. ही नोकरीही मी टपालाने अर्ज पाठवून मिळवली होती. समोर उभं राहून कुणाकडे कधी काही मागितलंच नव्हतं. "बोला की ताई, उद्या आमच्या पोरींनी असंच उभं राहायचं का?" बाकड्यावरून आवाज आला. आजही माझं प्रत्येक प्रशिक्षण दारातल्या बाकड्यापासूनच सुरू होतं. त्या दुपारी मी ते बाकडं दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "मला काम पाहिजे. साहेबांना भेटल्याशिवाय मी इथून हलणार नाही."